पंचनामा लिहिणाऱ्या हातांना: सोलापूरच्या तपासी अंमलदारांस खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि ग्रामीण पोलीस ठाण्यांत अपघातांचा तपास करणारे हवालदार, सहायक फौजदार आणि फौजदार मंडळी यांस,

विषय: रस्ते अपघातातील जखमी आणि मृतांचे वारस यांच्या नुकसानभरपाईबाबत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आयुक्तसाहेबांना किंवा अधीक्षकसाहेबांना लिहिलं असतं तर रीतसर झालं असतं. त्याला आवक क्रमांक पडला असता, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा बसला असता आणि शेवटी ते तुमच्याच टेबलावर येऊन पडलं असतं. मधला फेरा टाळून थेट तुम्हालाच लिहितो.

मी पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. वकील नाही, संघटनेचा पुढारी नाही. आमच्या कारखान्यातला एक माग कामगार रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी निघाला होता. समोरून उसाच्या ट्रॉलीला ओलांडत आलेल्या मोटारीने त्याला उडवलं. मोटार त्याच्या बाजूला आली होती. पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. त्याचा पगार किती होता हे सांगायला मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे लोकांच्या भाषेत एमएसीटीत, साक्षीला बोलावलं. तिथं जे पाहिलं आणि त्यानंतर कायदा वाचून जे कळलं, त्यातून हे पत्र निघालंय. रस्ता कुठला, ठाणं कुठलं, विमा कंपनी कुठली, हे लिहीत नाही. कुणा एकाला धारेवर धरायचं नाहीये.

मला सांगायचंय ते एवढंच: नुकसानभरपाईचा निकाल न्यायाधीश देतात, पण भरपाई किती मिळणार हे बरंचसं तुमच्या हाताखाली, पहिल्या दोन दिवसांत ठरून जातं.

आमच्या माणसाच्या पंचनाम्यात एक वाक्य होतं: 'दोन्ही वाहनांची रस्त्याच्या मध्यभागी समोरासमोर धडक झाल्याचे दिसते.' कुणाला दिसलं, कशावरून दिसलं, याचा पत्ता नाही. वाहतूक तुंबली म्हणून मोटार आधीच कडेला घेतली होती, पंचनामा त्यानंतर झाला. काचा कुठं पडल्या, ब्रेकची खूण कुठून कुठंपर्यंत गेली, रक्ताचा डाग डांबराच्या कडेपासून किती फुटांवर होता, यातलं काही कागदावर नाही. पंच म्हणून ज्यांच्या सह्या होत्या ते जवळच्या धाब्यावर चहा पीत बसलेले दोघं होते. विमा कंपनीच्या वकिलांनी हेच वाक्य न्यायाधीशांपुढं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, 'म्हणजे दुचाकीही मध्यावरच होती ना?' कामगार 'नाही' म्हणाला. कागद 'हो' म्हणत होता.

नुसत्या घटनास्थळाच्या पंचनाम्यावरून जखमीला सहभागी निष्काळजी, म्हणजे अपघातात त्याचाही दोष होता असं, ठरवता येत नाही, त्याला आधार देणारा दुसरा पुरावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. पण ते मांडायला चांगला वकील लागतो आणि पटायला वेळ लागतो. आमच्या माणसाच्या भरपाईतला एक हिस्सा त्या वाक्यापायी कापला गेला. आता अपील. सोलापूरकरांची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं जातात, एवढाच काय तो प्रवास कमी झाला.

हिशेब हा माझा धंदा आहे, तेव्हा या एका वाक्याची किंमत काढून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा कामगाराचं वय ३८ आणि कमाई महिना १२,००० रुपये. वर्षाचे झाले १,४४,०००. कायम पगारी नोकरी नसलेल्या आणि चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी प्रकरणात २०१७ साली ठरलं. म्हणजे २,०१,६००. सरला वर्मा प्रकरणाच्या २००९ च्या तक्त्यानुसार ३६ ते ४० वयाला १५ ने गुणायचं: ३०,२४,०००. कमावण्याची ताकद ७० टक्के गेली असं न्यायाधिकरणाने मानलं तर २१,१६,८०० रुपये. दवाखान्याचा खर्च आणि वेदनेची भरपाई यात अजून धरलेली नाही. आता त्या 'मध्यभागी समोरासमोर'मुळे जखमीवर ३० टक्के दोष टाकला, तर ६,३५,०४० रुपये गेले. कापड कारखान्यात एवढ्या रकमेची चूक झाली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

तुमची बाजू मला ठाऊक नाही असं समजू नका. आषाढीला पंढरपूर, जानेवारीत सोलापुरातली गड्ड्याची जत्रा, नवरात्रात तुळजापूरकडे चालत जाणारे भाविक, मधूनच निवडणूक आणि एखाद्या मंत्र्याचा दौरा, असा तुमचा बंदोबस्त बारमाही चालू असतो. त्यात ऊस सुरू झाला की दिव्याविना धावणाऱ्या ट्रॉल्या, हैदराबाद, पुणे, विजयपूर अशा चारी दिशांना जाणारी जड वाहनं, आणि एकेका अंमलदाराकडं गुन्ह्यांची चळत. अपघाताचा तपास म्हणजे तुमच्या खात्यात दुय्यम काम. चोरी उघडकीला आणली की फोटो छापून येतो. उत्तम पंचनामा केला म्हणून कुणाचा सत्कार झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण कायद्याने हे काम दुय्यम ठेवलेलं नाही. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले केंद्राचे नियम वाचले तर जखमीने कागदामागं पळायचं नाही, कागद त्याच्याकडं यायचा, अशी सगळी रचना आहे. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तुम्ही प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा. दहा दिवसांच्या आत जखमीला किंवा वारसांना त्यांचे हक्क सांगणारा नमुना दोन हातात द्यायचा. चालकाची आणि मालकाची माहिती ३० दिवसांत घ्यायची, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, जखमीची माहिती ६० दिवसांत आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. रुग्णालयाने एमएलसी (जखमांचा पोलिसांसाठीचा वैद्यकीय अहवाल) किंवा शवविच्छेदनाचा अहवाल तुम्हाला १५ दिवसांत द्यायचा. सविस्तर अहवाल पोचला की विमा कंपनीने ३० दिवसांत किती रक्कम देणार ते सांगायचं.

यात जे लोकांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर ठाण्यातल्या काही जणांनाही नसावं, ते कलम १६६ च्या चौथ्या पोटकलमात आहे: तुम्ही पाठवलेला अहवाल न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज म्हणूनच धरायचा. तुमचा अहवाल हाच दावा. तो वेळेत गेला तर विडी वळणाऱ्या बाईला दावा दाखल करण्यासाठी कुणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. तो गेला नाही तर तिनं स्वतः अर्ज करायचा, आणि त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असून, उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी अंतरिम म्हणजे अंतरिम. घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असताना सहा महिने कसे जातात हे तुम्ही दवाखान्याच्या खाटेपाशी जबाब घेताना पाहिलेलंच असतं.

सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात डिसेंबर २०२२ मध्ये आणखी एक सांगितलं होतं: प्रत्येक ठाण्यात, नाहीतर निदान शहर पातळीवर, अपघात दाव्यांसाठी प्रशिक्षित पोलिसांचं वेगळं पथक तीन महिन्यांत उभं करा. आमच्या माणसाच्या वेळी ठाण्यात अशा पथकाची चौकशी केली तर ड्युटीवरच्या अंमलदारांनी मलाच विचारलं, 'कसलं पथक?' दोष त्यांचा नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता सोलापूरच्या काही खास गोष्टी. दिल्लीतल्या नियमांत त्या नाहीत, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिली म्हणजे 'व्यवसाय' हा रकाना. जबाबात तुम्ही 'मजुरी' लिहिता आणि पुढं जाता. बाईमाणूस असेल तर 'घरकाम'. पूर्व भागात, कुंभारीच्या रे नगरात, किती घरकाम करणाऱ्या बाया दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्याजवळ विडी कामगाराचं कार्ड असतं, कारखान्याचं पुस्तक असतं. ते जबाबाच्या वेळी विचारा, क्रमांक लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. वर्षभराने न्यायाधिकरणात ती 'मी विडी कामगार आहे' म्हणाली की समोरचे वकील तुमचाच जबाब काढून विचारतात, 'मग पोलिसांना घरकाम का सांगितलं?' आणि ती खरोखरच नुसतं घर सांभाळत असली तरी तिच्या कामाला किंमत आहे, तिचं काल्पनिक उत्पन्न धरून भरपाई द्यायची, हे कीर्ती प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलंय. 'घरकाम, उत्पन्न नाही' यातला दुसरा भाग तुम्ही लिहिण्याची गरजच नसते.

माग कामगाराचंही तसंच. 'मजुरी' म्हटलं की बसून करायची का उभ्यानं करायची, कळत नाही. माग कामगार पाळीभर मागांच्या मधल्या बोळात उभा असतो. धागा तुटला की वाक, कांडी संपली की पळ. सिव्हिलच्या दाखल्यावर त्याच्या गुडघ्याचं अपंगत्व ३५ टक्के लिहिलेलं असतं. माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसाचा तोच गुडघा गेला तर पगार एक रुपयानं कमी होणार नाही. त्याचा मात्र माग कायमचा सुटतो. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात हाच फरक सांगितलाय: शरीराचं अपंगत्व किती टक्के हे बघून थांबू नका, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. पण ते बघण्यासाठी त्याचं काम काय होतं हे कागदावर यायला हवं. 'यंत्रमाग कामगार, उभ्याने काम, अमुक कारखाना, नगावर मजुरी, दर आठवड्याला पगार.' एक ओळ. तुमच्या पेनाला जड नाही.

पगाराचा पुरावा विचाराल तर आमच्याकडं पगारपत्रक नसतं, वही असते. न्यायाधिकरणात माझ्या वहीवर तासभर उलटतपासणी झाली. शाई एकसारखी कशी, पानं मागाहून शिवली का, भविष्यनिर्वाह निधी का कापला नाही. शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर कारखानदारांनी द्यायला हवं होतं, पण ते इथं नको, त्यांना वेगळं पत्र लिहीन. अपघातानंतर आठवडाभरात अंमलदार कारखान्यात आले असते आणि त्या वहीच्या शेवटच्या चार आठवड्यांचा फोटो अहवालाला जोडला असता, तर वही मागाहून बनवली असं म्हणायची सोय उरली नसती.

दुसरी गोष्ट भाषेची. जखमीची आई तेलुगूत सांगते, शेजारचा पोरगा मराठीत बोलतो, तुम्ही ते पोलिसी मराठीत लिहिता. तीन हातांतून गेलेला जबाब. 'त्यानं हात दाखवून वळायला घेतलं' याचं 'अचानक वळला' व्हायला वेळ लागत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या सीमेवर कन्नडचं हेच होतं. जबाब संपल्यावर तो तिच्या भाषेत परत वाचून दाखवा, एवढंच मागतो. आणि आडनावं आधारकार्ड बघून लिहा. आमच्याकडच्या आडनावांचं लेखन प्रत्येक कागदावर निराळं असतं, आणि पैसे बँकेत जमा व्हायची वेळ येते तेव्हा त्या काना-मात्रेपायी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

तिसरी ट्रॉलीची. अपघातात उसाचा ट्रॅक्टर असेल तर फक्त पुढच्या इंजिनाचा नंबर लिहू नका. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, विमाही वेगळा पाहावा लागतो. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही. नंबर नसेल तर 'नंबर नाही' असं लिहा, मागं दिवे-परावर्तक नसतील तर ते लिहा आणि फोटो काढा, कारण रात्रीत ट्रॉली बदलते. वाहनाला तृतीय पक्ष विमाच नसेल तर मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ते सोडायचं नाही, आणि तीन महिन्यांत हमी आली नाही तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरायची, असं नियम सांगतात. हंगाम चालू आहे, वाहन सोडा, म्हणून तुमच्यावर फोन येणार. कुणाचे येतात ते तुम्हीही जाणता, मीही. अशा वेळी नियमाचा कागद पुढं करायला हरकत नाही; त्यात वाईटपणा नियमाला येतो.

धडक देऊन पळालेल्या वाहनांचं वेगळं. विजापूर रोडवर, हैदराबाद रोडवर पहाटे कुणीतरी पडलेलं सापडतं, वाहनाचा पत्ता नाही. घरच्यांना वाटतं, वाहनच नाही तर भरपाई कुणाकडं मागायची. अशांसाठी सरकारची योजना आहे: १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं जातो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला: नोंद झाल्यापासून महिनाभरात प्रयत्न करूनही वाहन सापडलं नाही, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने जखमीला किंवा वारसांना या योजनेबद्दल लेखी कळवायचं. लेखी. गुन्हा 'अ' समरी करून, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असं ठरवून, फाईल बांधण्याआधी ते एक पत्र गेलं का, एवढं बघा.

आणि दलाल. अपघात विभागाच्या बाहेर जखमीच्या आधी कोण पोचतं, हे मी लिहिण्याची गरज नाही. 'केस आमच्याकडं द्या, खर्च काही नाही, आल्यावर इतके टक्के.' भरपाईच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. पण भेदरलेल्या बाईला हे कोण सांगणार? तुम्ही सांगू शकता, कारण त्या क्षणी तिच्यासमोर खाकी वर्दी असते आणि ती तुमचं ऐकते. तिला सांगा की महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, आणि ते कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. लोकअदालतीत तडजोड करताना घाई करू नको, तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, हेही कुणीतरी तिच्या कानावर घालायला हवं. मागच्या एका लोकअदालतीत मी बाकावर बसून पाहिलं. कंपनीचा माणूस रक्कम सांगायचा आणि घरातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. आपल्याला किती मिळायला पाहिजे हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मासळीबाजारात गिऱ्हाईकाला निदान कालचा भाव माहीत असतो.

साक्षीदारांबद्दलही एक विनंती. रस्त्यावरचा माणूस जखमीला रिक्षात घालतो आणि नाव न सांगता पळतो, कारण त्याला ठाण्याची भीती असते. कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची किंवा साक्षीला यायची त्याच्यावर सक्ती नाही. ते त्याला आधी सांगितलं, खुर्ची दिली, चहा विचारला, तर आठपैकी एखादा आपणहून नाव सांगेल. आमच्या माणसाला दवाखान्यात पोचवणारा दूधवाला मोटार कुठल्या बाजूने आली ते पाहून होता. त्याला कुणी विचारलंच नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात, हेही त्या धावपळीत दवाखान्याच्या खिडकीवर तुमच्या तोंडून आलेलं बरं. नातेवाइकांनी सांगितलं तर 'बघू' म्हणतात.

तुमच्याकडून जास्तीचं काही मागतोय असं वाटत असेल तर मागणी नेमकी करून ठेवतो. वाहन हलवण्याआधी मोबाईलवर फोटो, कारण ई-डारमध्ये, म्हणजे अपघातांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, ते चढवायचेच असतात. टेप लावून अंतरं. जवळच्या पेट्रोल पंपाचं किंवा दुकानाचं कॅमेऱ्यातलं चित्रण त्याच दिवशी, कारण थोड्याच दिवसांत त्यावर दुसरं चढतं. 'दिसते' असं लिहायचं असेल तर कशावरून दिसते तेही. आणि तो नमुना दोन, हक्कांचा कागद, जखमीच्या घरच्यांच्या हातात देऊन पोच घ्यायची.

हा नमुना दोन मराठीत, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत छापून ठाण्यात ठेवायचा असेल तर कागद आणि छपाईचा खर्च आमच्या कारखान्याच्या गल्लीतली मंडळी वर्गणी काढून करतील, तसं बोलणं झालंय. तेलुगू आणि कन्नडमध्येही करून देऊ; माझ्या शेजारी निवृत्त मास्तर आहेत, त्यांना दोन्ही भाषा येतात आणि रिकामा वेळ भरपूर आहे. गठ्ठे कुठल्या ठाण्यात कुणाकडं पोचवायचे तेवढं सांगा. रविवार सोडून कधीही, दुपारच्या पाळीनंतर घेऊन येतो.

आपला,
एका टॉवेल कारखान्याचा हिशेबनीस
पूर्व भाग, सोलापूर